जुन्या डिझेल जीपचे अ‍ॅव्हरेज : एका लिटरचा हिशेब

भिलाई इस्पात संयंत्राच्या नगरीतील रुआबांधा सेक्टर हा तसा शांत, निवासी भाग. सकाळच्या पाळीची वर्दळ ओसरली, की येथील घरांपुढे दुचाक्या आणि छोट्या मोटारींच्या रांगेत मधूनच एखादी जुनी डिझेल जीप उभी दिसते. कोणाची बालोदच्या बाजूला शेती असते, कोणाचे दल्ली-राजहऱ्याकडे कंत्राटी काम चालते, तर कोणी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली गाडी मोडवत नाही म्हणून सांभाळलेली असते. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती, आणि पुढे पोलाद कारखान्याच्या निमित्तानेही विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांच्या दृष्टीने अशी जीप म्हणजे लग्नकार्याला दहा माणसे आणि त्यांचे सामान घेऊन नागपूरपर्यंत जाणारे घरचे वाहन.

अशा गाडीच्या मालकाला भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो : "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि उत्तर देताना मालकाचा स्वर थोडा खाली येतो. एक काल्पनिक, परंतु अनेकांना ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. पूर्वी लिटरला अकरा किलोमीटर देणारी जीप आता जेमतेम नऊ देते. शेजारी म्हणतात, विकून टाका. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उतरवून पूर्ण काम करून घ्या. आणखी कोणी एक इंधनवाहिनीवर बसवायचे चुंबक सुचवतो. तिन्ही सल्ल्यांना पैसे लागतात, आणि तिन्ही सल्ले देणाऱ्यांपैकी एकानेही गाडीचे डिझेल नेमके कोठे जाते हे तपासलेले नसते. वास्तविक जुन्या जीपच्या इंधनखर्चाचे दोन भाग असतात. एक भाग तिच्या जन्माबरोबर आलेला, तो कोणत्याही दुरुस्तीने परत मिळत नाही. दुसरा भाग दुर्लक्षाने वाढलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा थोड्या खर्चात परत मिळतो. हे दोन भाग वेगळे ओळखता आले, तर पुढील निर्णय सोपा होतो.

जीपला डिझेल इंजिन कसे मिळाले

१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत अमेरिकन विलिज जीपची जुळणी सुरू केली. ही मूळ गाडी पेट्रोलवर चालणारी होती. युद्धभूमीवर पेट्रोलचा हिशेब कोणी विचारत नाही; परंतु १९७३ च्या तेलसंकटानंतर तो हिशेब प्रत्येकाला विचारावा लागला. पेट्रोल महागले आणि जीपला डिझेल इंजिनाची जोड देणे अपरिहार्य झाले. सुरुवातीला ट्रॅक्टरच्या घराण्यातील इंजिन बसवले गेले. त्यानंतर १९७९ मध्ये फ्रान्सच्या पुजो कंपनीशी करार होऊन 'एक्सडीपी ४.९०' हे इंजिन भारतात तयार करण्याचा परवाना मिळाला. या नावातच त्याची ओळख आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर असल्याने एकूण क्षमता २,११२ घन सेंटिमीटर भरते. पुढे याच कुळातील 'एक्सडी३पी' हे २,४९८ घन सेंटिमीटरचे इंजिन आले. २००० साली बाजारात आलेल्या बोलेरोलाही प्रारंभी पुजो घराण्याचेच इंजिन होते.

या इंजिनाच्या जडणघडणीत एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात नाही. सिलिंडरच्या माथ्यावर एक लहानशी कोठडी असते. दाबलेली हवा तीत भोवऱ्यासारखी फिरते, तेथे डिझेलचा फवारा येतो, ज्वलन सुरू होते आणि जळते वायू अरुंद वाटेने मुख्य सिलिंडरमध्ये उतरतात. याला अप्रत्यक्ष फवारणी म्हणतात. इंजिन त्यामुळे कमी खडखडते आणि सौम्य चालते, म्हणूनच प्रवासी मोटारींसाठी ही पद्धत पसंत केली गेली. परंतु त्या कोठडीच्या भिंती आणि ती अरुंद वाट बरीच उष्णता खाऊन टाकतात. ही उष्णता म्हणजेच विकत घेतलेले डिझेल. थेट फवारणीच्या इंजिनाशी तुलना करता अप्रत्यक्ष फवारणीचे इंजिन त्याच कामासाठी साधारण दहा ते पंधरा टक्के अधिक इंधन घेते. महिंद्रच्याच ट्रॅक्टर घराण्यातून आलेले २,५२३ घन सेंटिमीटरचे थेट फवारणीचे इंजिन ज्या जीपांत होते, त्या अधिक खडखडत असूनही अ‍ॅव्हरेजमध्ये वरचढ ठरत, त्याचे कारण हेच. तेव्हा शेजारच्याची जीप बारा देते आणि आपली दहा, असे असेल, तर प्रथम दोन्ही गाड्यांचे बॉनेट उघडून इंजिने एकाच जातीची आहेत का, हे पाहावे. पुष्कळदा वादाचा निकाल तेथेच लागतो.

अर्थात सगळा दोष इंजिनाच्या माथी मारणेही योग्य नव्हे. पुजोच्या याच घराण्यातील इंजिने फ्रान्समध्ये '५०४' या बैठ्या, सडपातळ मोटारीत चालत होती, आणि त्या काळाच्या मानाने काटकसरी मानली जात होती. भारतात त्या इंजिनाच्या पुढे उभी काच, चौकोनी नाक आणि वर ताडपत्रीचे छत आले. इंजिन तेच, ओझे निराळे.

हवा, वजन आणि दातेरी चाके

गाडी चालवताना इंजिनाला प्रामुख्याने दोन विरोधांशी झुंजावे लागते. पहिला, टायर रस्त्यावर फिरताना होणारा. तो वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. दुसरा, हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने हवा जितकी अडवते, त्याच्या पावणेदोनपटींहून अधिक ती ८० च्या वेगाला अडवते. दीड टनाच्या आसपासची, उभट अंगाची जीप धरून ढोबळ गणित मांडले, तर ६० च्या वेगाला टायरचा आणि हवेचा विरोध जवळजवळ सारखा येतो. ८० च्या वेगाला मात्र हवेचा विरोध टायरच्या सुमारे दुप्पट होतो आणि दर किलोमीटरमागे करावे लागणारे काम ४० टक्क्यांच्या आसपास वाढते. बैठ्या मोटारीलाही हाच नियम लागू आहे. पण तिचे अंग हवेला सरकून जाऊ देते, जीपचे देत नाही. छतावर रिकामे कॅरियर कायमचे ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. कॅरियर रिकामे असले तरी हवा त्याचे भाडे वसूल करतेच.

वजनाबद्दल भिलाईच्या माणसाला वेगळे काय सांगावे? शिडीच्या आकाराची जाड पोलादी चौकट, दोन भक्कम आस, पुढील आसाचा वेगळा गुणक, ट्रान्सफर केस आणि दोन प्रॉपेलर शाफ्ट, हे सारे सामान गाडी दररोज वाहत असते; चिखलातून जाण्याचा प्रसंग वर्षातून चार दिवसच येत असला तरी.

दातेरी चाकांची गोष्टही अशीच. भारतात दीर्घकाळ तयार होत राहिलेल्या सीजे-३बी जातीच्या जीपला आसातील गुणोत्तर ५.३८ होते; म्हणजे मागचे चाक एकदा फिरण्यासाठी शाफ्टला पाच वेळांहून अधिक फिरावे लागे. चढण आणि चिखल यांसाठी ते उत्तमच. परंतु सरळ महामार्गावर, वरच्या गिअरमध्येही ८० च्या वेगाला अशा जीपचे इंजिन मिनिटाला तीन हजारांवर फेरे घेत राहते. मॉडेलागणिक हे आकडे बदलले, स्वभाव मात्र फारसा बदलला नाही. जीप ही हळू आणि जोरकस चालण्यासाठी घडवलेली गाडी आहे. तिला वेगाने पळवले, तर तिची तक्रार डिझेलच्या बिलातून येते.

आधी मोजमाप

अ‍ॅव्हरेज घटले असे म्हणणाऱ्या निम्म्याअधिक लोकांनी ते नीट मोजलेलेच नसते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. पाचशे रुपयांचे डिझेल भरायचे, काटा खाली आला की किलोमीटर पाहायचे, ही रीत निरुपयोगी आहे. जुन्या जीपचा इंधनकाटा चढावर एक सांगतो आणि उतारावर दुसरेच. योग्य रीत एकच : टाकी काठोकाठ भरावी, मीटरचा आकडा लिहून ठेवावा, निदान दोन-तीनशे किलोमीटर चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर, गाडी तशाच सपाटीवर उभी करून पुन्हा काठोकाठ भरावी. दुसऱ्यांदा लागलेले लिटर म्हणजे खरा खर्च. असे सलग तीन वेळा केल्यावर येणारी सरासरी विश्वास ठेवण्याजोगी असते.

त्यातही एक फसवणूक दडलेली असते, ती टायरची. समजा, गाडीला मूळचे २१५/७५-१५ मापाचे टायर होते आणि मालकाने रुबाबदार दिसतात म्हणून २३५/७५-१५ मापाचे घातले. नव्या टायरचा व्यास मूळच्यापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी मोठा. चाक एका फेरीत अधिक अंतर कापते, मीटर मात्र फेऱ्याच मोजतो. गाडी १०४ किलोमीटर गेली तरी मीटर १०० दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज घटल्याचा भास होतो. उलट झिजलेले टायर अ‍ॅव्हरेज थोडे फुगवून दाखवतात. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी पन्नास किलोमीटरपर्यंत मीटर पडताळून पाहिला, की ही चूक किती आहे ते कळते. दुर्गहून राजनांदगावमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग या कामाला सोयीचा. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर ५३ क्रमांकाचा झाला.

जे परत मिळू शकते

मोजमापानंतरही अ‍ॅव्हरेज खरोखरच घटलेले आढळले, तर तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करत जावी. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते; आधी पंप उतरवला जातो आणि महिनाभराने कळते की मागच्या चाकाचा ब्रेक धरत होता.

टायरमधील हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासावी. ब्रेक धरतो का, हे पाहायला गॅरेजची गरज नाही. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून गाडी शक्यतो ब्रेक न दाबता हळूहळू थांबवावी आणि चारही ड्रमांजवळ हात न्यावा. एखादा इतरांहून स्पष्टपणे तापलेला असेल, तर त्या चाकाचा लायनर घासत आहे किंवा बेअरिंग आवळले गेले आहे. रस्ता सपाट असेल तेथे न्यूट्रलमध्ये एका माणसाने ढकलून जीप सहज हलते का, हीही जुनी आणि चांगली परीक्षा. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट बिघडले असेल तर टायरच्या कडेची झीज ते सांगते.

डिझेलची गळती ही लाजिरवाणी, पण वारंवार आढळणारी बाब. नोझलवरून टाकीकडे परतणाऱ्या बारीक नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. दर सेकंदाला एक थेंब गळाला, तर तासाला जवळपास १८० मिलिलिटर डिझेल रस्त्यावर पडते. दिवसाला दोन तास गाडी चालत असेल, तर वर्षाकाठी हा आकडा शंभर लिटरच्या पुढे जातो. नळ्यांची किंमत त्यापुढे काहीच नाही.

हवेच्या फिल्टरबद्दल या प्रदेशात अधिक दक्षता हवी. राजहऱ्याच्या लोहखनिजाच्या वाटेवरची तांबडी धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कारण सांगण्याची आवश्यकता नाही. जुन्या जीपांतील फिल्टरमध्ये तेलाची वाटी असते. हवा तेलावरून जाताना धूळ तेथेच बसते. हे तेल खुणेइतकेच असावे आणि चिखलासारखे होण्याआधी बदलावे. डिझेल इंजिनाला हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर येतो. काळा धूर म्हणजे शक्ती न देता बाहेर पडलेले इंधन. पांढरा धूर थंड इंजिनाकडे किंवा फवारणीच्या चुकलेल्या वेळेकडे बोट दाखवतो, तर निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. धुराचा रंग पाहून मगच गॅरेजकडे निघावे. निदान संभाषण योग्य ठिकाणी सुरू होते.

आता थर्मोस्टॅटविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथे सदिच्छेनेच नुकसान केले जाते. इंजिनातील पाणी पुरेसे तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटीशी झडप. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकला आणि एखादी जीप तापली, की अनेक मिस्त्री ही झडपच काढून टाकतात. "आता गाडी कधी तापणार नाही," असे ते सांगतात आणि त्यात तथ्य असते. पण मग ती जानेवारीच्या सकाळीही तापत नाही. इंजिन आपल्या योग्य तापमानाला, म्हणजे ८० ते ९० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहते आणि सिलिंडरच्या भिंती अकारण झिजतात. रुआबांध्याहून सिव्हिक सेंटर, तेथून सुपेला आणि परत अशा छोट्या फेऱ्या करणारी जीप तर झडप नसताना दिवसभरात एकदाही धड गरम होत नाही. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर दोष बहुधा रेडिएटरमधील क्षारांचा, ढिल्या पट्ट्याचा किंवा पाण्याच्या पंपाचा असतो. त्याचा इलाज करावा आणि काढलेली झडप परत बसवावी.

शेवटी येतात नोझल आणि पंप. नोझलचे काम डिझेलची वाफेसारखी बारीक फवार करण्याचे. ठरावीक दाब आल्यावरच ते उघडले पाहिजे आणि लगेच घट्ट मिटले पाहिजे. अप्रत्यक्ष फवारणीच्या इंजिनांत हा दाब साधारण ११० ते १५० बारच्या दरम्यान असतो, थेट फवारणीत तो २०० किंवा त्याहून अधिक असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने आतील स्प्रिंग नरम पडते, टोक झिजते, आणि फवाऱ्याऐवजी धार पडू लागते. धार जळत नाही, धूर होते. नोझल तपासण्याच्या यंत्रावर प्रत्येक नोझल लावून त्याचा दाब, फवाऱ्याचा आकार आणि गळती डोळ्यांसमोर दाखवता येते. मालकाने त्या वेळी तेथे उभे राहावे. पाच मिनिटांत जे दिसते ते कोणत्याही वर्णनाने कळणार नाही. पंपाच्या फवारणीची वेळ अर्थात टायमिंग चुकले असेल, तर उत्तम नोझलही उपयोगी पडत नाही. पंप उघडून कॅलिब्रेशन करणे हे मात्र खर्चाचे काम आहे आणि ते ज्याच्याकडे त्यासाठीची मोजमापाची बाकडी आहे, अशाच ठिकाणी करावे. 'मायको' हे नाव डिझेल पंपाशी इतके एकजीव झाले होते, की कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाल्यावरही जुन्या मिस्त्रींच्या तोंडी 'मायको पंप' हाच शब्द राहिला. पंपावरील कमाल इंधनाचा स्क्रू फिरवून 'पिकअप वाढवून देण्याची' तयारी दाखवणाऱ्यांपासून दूर राहावे. वाढलेले डिझेल जाळायला हवा वाढलेली नसते.

इंधनवाहिनीवरील चुंबके, टाकीत टाकायच्या चमत्कारी गोळ्या आणि तत्सम साधने यांविषयी इतकेच सांगता येईल, की नोझलच्या यंत्रावर त्यांचा परिणाम दिसत नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना प्रकार तर बेकायदेशीर आहेच. शिवाय रॉकेलला डिझेलचा स्निग्धपणा नसतो आणि जो पंप डिझेलनेच वंगण घेतो, तो अशा मिश्रणाने झिजतो.

चालकाच्या हाती

पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना, जी 'पीसीआरए' या आद्याक्षरांनी ओळखली जाते, १९७८ पासून वाहनचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग राखण्याचा सल्ला देत आली आहे. वेगवान रस्त्यांच्या काळात तो जुनाट वाटेल. जीपच्या बाबतीत मात्र तो शब्दशः खरा आहे. नागपूरचा सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास ८० ऐवजी ६० च्या वेगाने केला, तर वाटेत साधारण एक तास अधिक लागतो. देवरी ते साकोलीच्या जंगलपट्ट्यात तो तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे हा डिझेल गाड्यांच्या बाबतीतला जुना समज. या मापाचे इंजिन जागेवर चालत राहिले तरी तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल घेते. एक-दोन मिनिटांपेक्षा अधिक थांबायचे असेल, तर ते बंद करावे.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा याहून गंभीर प्रकार. कांकेरहून बस्तरकडे जाताना केशकालच्या घाटात असे करणारे चालक आढळतात. त्यात बचत होते हा समज मुळातच चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला, की जुन्या यांत्रिक पंपाचा गव्हर्नरही डिझेल बंद करतो. चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला जिवंत राहण्यासाठी डिझेल घ्यावेच लागते. म्हणजे गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीला डिझेल लागत नाही आणि इंजिनाचा रोधही मिळतो. न्यूट्रलमध्ये उतरणारी डिझेलही खाते आणि सारा भार ब्रेकवर टाकते. इंजिनच बंद करून उतरणाऱ्याचा तर ब्रेकला मिळणारा व्हॅक्युमचा आधार चार-दोन वेळा पेडल दाबताच संपतो. पन्नास-साठ मिलिलिटर डिझेलसाठी दहा माणसांचा जीव पणाला लावण्याचा हा व्यवहार आहे.

फोर व्हील ड्राइव्हच्या दांड्याबद्दलही गैरसमज आहेत. या जुन्या जीपांत पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये फरक जुळवणारी योजना नसते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून वळण घेतले, की पुढची चाके अधिक अंतर कापू पाहतात आणि मागची त्यांना धरून ठेवतात. टायर घासतात, शाफ्ट पिळवटतात, डिझेल वाया जाते. दांडा चिखल, वाळू अथवा ओल्या गवतापुरताच वापरावा. काही जीपांच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री-व्हीलिंग हब असतात; ते मोकळे ठेवले की पुढचे शाफ्ट आणि क्राउन-पिनियन विनाकारण फिरत नाहीत. बचत थोडीच होते, पण ती फुकट मिळते. महिन्यातून एकदा हब जोडून मऊ मातीवर काही अंतर चालवावे, म्हणजे आतील भागांना वंगण पोहोचते.

पैशांचे गणित

आता रुआबांध्यातील त्या काल्पनिक मालकाकडे परत येऊ. हिशेबाच्या सोयीसाठी डिझेल लिटरला ९० रुपये धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी जीप नऊच्या अ‍ॅव्हरेजने सुमारे १,३३३ लिटर, म्हणजे १,२०,००० रुपयांचे डिझेल पिते. तेच अकरावर आणले, तर सुमारे १,०९१ लिटर म्हणजे ९८,००० रुपयांच्या आसपास खर्च येतो. वर्षाला जवळजवळ २२,००० रुपये वाचतात. नोझल, ब्रेक, नळ्या आणि थर्मोस्टॅट यांवर समजा १५,००० रुपये खर्च झाले, तर ते आठ-नऊ महिन्यांत वसूल होतात. परंतु हीच जीप वर्षाला चारच हजार किलोमीटर चालत असेल, तर बचत ७,३०० रुपयांच्या घरात येते आणि वसुलीला दोन वर्षे लागतात. म्हणून गॅरेजच्या अंदाजपत्रकावर सही करण्याआधी आपली गाडी वर्षाला किती चालते, हे पाहणे अगत्याचे.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. नऊवरून अकरा हा बदल दोनचा, आणि चौदावरून सतरा हा तीनचा. साहजिकच दुसरा मोठा वाटतो. पण शंभर किलोमीटरचे डिझेल मोजले, तर पहिल्या बदलाने दोन लिटर वाचतात आणि दुसऱ्याने जेमतेम सव्वा लिटर. जास्त पिणाऱ्या गाडीची थोडीशी सुधारणा कमी पिणाऱ्या गाडीच्या मोठ्या सुधारणेहून अधिक पैसे वाचवते. जुन्या जीपकडे दुर्लक्ष करून नव्या मोटारीच्या अ‍ॅव्हरेजची काळजी करणाऱ्या घरांत हे गणित उलटे चाललेले असते.

मग विकून नवी घेण्याचे काय? समजा नीट राखलेली जुनी जीप दहा देते आणि नवी गाडी पंधरा. १२,००० किलोमीटरला ४०० लिटर, म्हणजे ३६,००० रुपये वाचतील. नव्या गाडीसाठी ८ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर पहिल्या वर्षीचे केवळ व्याजच ६८,००० रुपयांच्या आसपास होते. नवी गाडी घेण्याची अन्य कारणे सबळ असू शकतात : एअरबॅग, चांगले ब्रेक, घरातील वृद्धांची सोय, कमी धूर. त्यांसाठी कर्ज घेणे समजण्यासारखे आहे. केवळ डिझेल वाचवण्यासाठी घेतलेले कर्ज मात्र स्वतःचे व्याजही फेडत नाही. पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांतील जुनी तफावतही आता गृहीत धरता येत नाही. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर टप्प्याटप्प्याने वाढू लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो नियंत्रणमुक्त झाला. आधीच्या काळात केवळ स्वस्त डिझेलमुळे परवडणारी जीप त्यानंतर आपल्या प्रकृतीवरच अवलंबून राहिली.

हिशेबात नोंदणीचा खर्चही धरावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. हलक्या मोटारगाडीचे नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. पाच वर्षांवर विभागले, तर दरमहा सुमारे १६७ रुपये. त्याबरोबर गाडीची योग्यता तपासणी असते आणि धुराचे प्रमाणपत्र तर नेहमीचेच. जुन्या डिझेल गाड्यांना धुराच्या घनतेची मर्यादा ६५ हार्टरिज एककांची आहे. ज्या जीपचे नोझल नीट फवारतात आणि फिल्टर स्वच्छ आहे, ती या परीक्षेत सहसा अडत नाही. ज्या मालकाने डिझेलच्या पैशांसाठी ही कामे करून घेतली, त्याचे हे काम त्याच खर्चात झालेले असते.